मॅस्केलिनाइट : एका शब्दाची कुळकथा

बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासात एका अपरिचित इंग्रजी शब्दाला मानाचे स्थान आहे, असे म्हटले तर पुष्कळांना नवल वाटेल. तो शब्द म्हणजे 'मॅस्केलिनाइट'. त्याचे उच्चारात चार अवयव पडतात : मॅस्, के, लि, नाइट. आघात पहिल्यावर, दुसऱ्यातील स्वर तर इतका निसटता, की कानाला नुसता 'क' भासावा. शेवटचे 'आइट' हे शेपूट मुळात ग्रीक असून खनिजांच्या नावांना ते जोडण्याचा प्रघात आहे. उरले 'मॅस्केलिन', ते एका माणसाचे आडनाव.

नेव्हिल स्टोरी मॅस्केलिन (१८२३–१९११) हे ब्रिटिश म्युझियममधील खनिजसंग्रहाचे प्रमुख होते. इ. स. १८६५ मध्ये बिहारातील शेरघाटी येथे एक अशनी पडला. व्हिएन्नाचे पंडित चेरमाक यांना १८७२ साली त्यात काचेसारखा एक पदार्थ आढळला व त्यांनी त्यास मॅस्केलिन यांचे नाव दिले. तो अशनी मंगळावरून आलेला होता, असे आजचे शास्त्रज्ञ मानतात.

आता लोणारकडे वळू. सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे, असे पुष्कळ दिवस समजले जाई. आणि भोवतालचा सारा काळा पाषाण लाव्हारसाचाच असल्यामुळे ते स्वाभाविकही होते. मग निवाडा व्हावा कसा? काळ्या पाषाणात फेल्स्पार नावाचे स्फटिक असतात. प्रचंड आघाताचा दाब बसला, की ते न वितळताच काच बनतात. आकार स्फटिकाचा, अंतरंग मात्र काचेचे. हाच मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीत उष्णता हवी तेवढी असते, पण असा दाब नसतो. विवराच्या तळाखालून व काठावरून मिळालेल्या दगडांत आघाताच्या अशा खुणा सापडल्या. फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांनी १९७३ साली त्या प्रसिद्ध केल्या, आणि लोणार हे अशनीच्या आघाताचे विवर ठरले.

आपल्या पूर्वजांनी या स्थळाला दिलेले नाव 'लवण' शब्दाच्या कुळातले. लवणाचे 'लोण' झाले, आणि आपले लोणचेही त्याच घरचे. लवणासुराची कथा व गावातील दैत्यसूदनाचे मंदिर त्याच नावाची आठवण देतात. पाण्यात काय आहे ते जिभेने ओळखून लोकांनी एक शब्द घडविला. खळगा कसा पडला ते सूक्ष्मदर्शकाने ओळखून शास्त्रज्ञांनी दुसरा योजिला. आम्हांस दोन्ही हवेत. दुसऱ्याचे ओढूनताणून भाषांतर करण्यापेक्षा तो नीट उच्चारावयास शिकावे, हे बरे. मात्र एक ध्यानात असू द्यावे : त्या शब्दाचे साक्षीदार लोणारच्या काठावर दगडांच्या रूपाने पडून आहेत. आठवण म्हणून त्यातला एखादा खिशात घालणे म्हणजे खटल्यातला साक्षीदारच पळविणे होय.