आजीवन कूलंटचा दावा टिकत नाही

पोर्श ९११ ची ९९६ ही पिढी बाळगणाऱ्या मालकांत, आणि त्यांच्या बऱ्याच मेकॅनिकांतही, एक मत पक्कं बसलेलं आहे. कारखान्यात भरलेलं कूलंट गाडी असेपर्यंत पुरतं. पातळी खाली गेली तर वरून थोडं घालावं, पण सगळं काढून नव्याने भरायच्या भानगडीत पडू नये. हे मत अडाणीपणातून आलेलं नाही, म्हणून आधी त्याची बाजू नीट ऐकली पाहिजे.

जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट असायचं. ते धातूवर सगळीकडे थर धरायचं आणि दोन-तीन वर्षांत संपायचं. सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं कूलंट गंजाची सुरुवात होते तिथेच मुख्यतः काम करतं, त्यामुळे त्यातले गंजरोधक फार सावकाश खर्ची पडतात. यंत्रणा बंद असते. मग बिघडायचं काय, असा सवाल केला जातो. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. या गाडीचं इंजिन मागे, रेडिएटर नाकाशी दोन्ही बाजूंना, आणि त्यांना जोडणाऱ्या लांब नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. आत वीस लिटरहून जास्त कूलंट. एवढा पसारा रिकामा केला की भरताना हवा कुठेतरी अडकते, आणि अडकलेली हवा सिलिंडर हेडशी पोचली की इंजिन तापून कामातून जातं. १९९८ पर्यंत हवेवर थंड होणारी ९११ बनत होती. त्या गाड्यांवर हात बसलेल्यांना हा प्रश्नच कधी पडला नव्हता.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. गंजरोधक सावकाश संपतात, हे मान्य. पण कूलंटमध्ये मुख्य द्रव्य एथिलीन ग्लायकॉल असतं, आणि उष्णता व ऑक्सिजन यांच्या संगतीत त्याचं विघटन होऊन ग्लायकोलिक आणि फॉर्मिक आम्लं तयार होतात. कूलंटमधले बफर ही आम्लं काही काळ पचवतात. ते थकले की द्रवाची आम्लता वाढते आणि ॲल्युमिनिअम खाल्लं जाऊ लागतं. या गाडीचं इंजिन ॲल्युमिनिअमचंच आहे. बाहेरून पाहिलं तर कूलंट तेव्हाही स्वच्छ आणि रंगीतच दिसतं, म्हणून टाकीत डोकावून ‘अजून चांगलं आहे’ म्हणणाऱ्यावर विसंबू नये.

‘यंत्रणा बंद आहे’ हे म्हणणं तर ‘वरून थोडं घालावं’ या सल्ल्यानेच खोडून निघतं. जे बंद आहे त्याची पातळी उतरत नाही. ९९६ मध्ये कूलंटच्या प्लॅस्टिक टाकीला तडा जाणं, झाकणाने दाब न धरणं, वॉटर पंप झिरपणं ही नेहमीची दुखणी आहेत. जिथून द्रव बाहेर येतो तिथून गाडी गार होताना हवा आत जाते. मग त्यात भर घातली जाते ती हाताशी असेल त्याची. दख्खनच्या बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. नाहीतर रंग जुळवून बाटली आणली जाते. रंगाला कसलंही प्रमाण नाही. टोयोटाचं लाल कूलंट आणि फोल्क्सवागनचं लालसर जी-१२ यांची रसायनं वेगळी आहेत: पहिल्यात फॉस्फेट असतं, दुसऱ्यात नसतं.

दीर्घायुषी कूलंटचा गाजावाजा जनरल मोटर्सने १९९० च्या दशकाच्या मध्यावर डेक्स-कूल आणून केला. त्या कंपनीनेही पाच वर्षं किंवा दीड लाख मैल अशी मुदत घातली होती. पुढे चिखलासारखा साका आणि गळत्या यांच्या तक्रारींवरून खटले झाले आणि २००८ मध्ये तडजोड झाली. पातळी उतरून हवा शिरली की साका धरतो, हे त्या वादात पुन्हा पुन्हा पुढे आलं. आजीवन म्हणणाऱ्यांनी हा इतिहास वाचायला हवा.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, रेसवाले साधं पाणी घालतात, आपल्याकडे बर्फही पडत नाही, मग कूलंट हवंच कशाला? उष्णता वाहून नेण्यात पाणी सरस आहे, यात शंका नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणाची सुमारे ३.४. पण अनेक ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी आहे ती सांडलं तर रस्ता निसरडा होतो म्हणून. तिथल्या पाण्यातही गंजरोधक घालतात आणि इंजिनं वरचेवर उघडली जातात. वर्षातले दहा महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीला तो न्याय लावता येत नाही.

राहिला हवा अडकण्याचा मुद्दा. भीती खरी आहे, पण ती वरून ओतून भरण्याच्या पद्धतीची आहे. व्हॅक्यूमवर भरायचं यंत्र टाकीच्या तोंडाला लावलं आणि कॉम्प्रेसर जोडला की आतली हवा खेचली जाते. रबरी नळ्या डोळ्यांदेखत चपट्या होतात. मग झडप बंद करून काटा पाहत थांबायचं. काटा हलला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती कूलंट भरायच्या आधीच कळते. काटा जागचा हलला नाही तर झडप उघडायची. डब्यातलं कूलंट पोकळीत आपोआप ओढलं जातं. ज्या कामाला घाबरून लोक कूलंट वर्षानुवर्षं तसंच ठेवतात, तेच काम यंत्रणेची सर्वांत चांगली तपासणी ठरतं.

काढतानाही आळस नको. इंजिनाखालचा प्लग सोडला की बरंच कूलंट येतं, सगळं नाही. पुढच्या रेडिएटरच्या नळ्याही सोडाव्या लागतात, आणि तरी काही आत राहतंच. म्हणून मिश्रणाचं प्रमाण भरून झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटरने मोजावं. नवं कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावं. निघालेलं गटारात सोडू नये. ते चवीला गोड असतं आणि कुत्र्यांच्या जिवावर बेततं.

माझ्या मते चार-पाच वर्षांनी हे काम करावं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. काम झाल्यावर किती लिटर निघालं आणि किती भरलं, हे दोन आकडे मेकॅनिककडून बिलावर लिहून घ्या. भरलेलं बरंच कमी असेल तर हवा आत राहिली आहे. गाडी हलवू नका, पुन्हा भरून घ्या.