हवाप्रवाह सेन्सर (इंजिनाचा)

इंजिनात दर क्षणी किती हवा शिरते हे इंजिनाच्या संगणकाला (ईसीयू) कळवणारा भाग. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणून हवेचा आकडा चुकला की इंधनाचाही चुकतो.

मोटारींतील मॅफ (मास एअरफ्लो) सेन्सर एअर फिल्टरपुढच्या नळीत असतो. त्यातील प्लॅटिनमची तार किंवा पातळ पट्टी आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण शंभर अंश जास्त तापलेली ठेवतात. वाहती हवा तिला थंड करते आणि तापमान टिकवायला किती वीज लागते त्यावरून किती हवा आत गेली हे काढतात. थंड, दाट हवा जास्त उष्णता ओढते, त्यामुळे आकारमान नव्हे तर थेट वस्तुमान कळते. बॉशच्या १९७० च्या दशकातल्या एल-जेट्रॉनिक या इंधन-इंजेक्शन प्रणालीत हवेच्या रेट्याने उघडणारी झडप होती. तापती तार एलएच-जेट्रॉनिकबरोबर १९८० च्या दशकारंभी आली. इंजिन बंद झाल्यावर ही तार क्षणभर लालबुंद तापून वरचा मळ जाळून टाकी.

दिल्लीतील करोल बागेच्या नाईवाला भागातील गल्ल्या दुचाकीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहेत. (मोटारींच्या भागांची मोठी बाजारपेठ काश्मिरी गेटला.) पण करोल बागेत मोटारसायकलीचा मॅफ शोधू नये; तो तिला सहसा नसतोच. तिच्यात मॅप (मॅनिफोल्ड अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर) सेन्सर थ्रॉटलमागचा दाब मोजतो. त्यावरून आणि हवेचे तापमान व इंजिनाचा वेग यांवरून संगणक हवेचा हिशेब करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि हा सेन्सर नव्या मोटारसायकलींत सर्रास आला. करोल बागेतून भाड्याने बुलेट घेऊन लडाखला जाणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग. खारदुंग ला सुमारे ५,३६० मीटर उंच आहे आणि तिथे हवेचा दाब दिल्लीच्या जेमतेम निम्मा. कार्ब्युरेटरची गाडी तिथे जादा पेट्रोल पिऊन गुदमरते, इंजेक्शनची आपणच पेट्रोल कमी करते.

बिघडल्याची लक्षणे: पिकअप जातो, उभ्या गाडीची रेस वरखाली होते, काळा धूर येतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. स्कॅनरवर मॅफसाठी पी०१०० ते पी०१०४ आणि मॅपसाठी पी०१०५ ते पी०१०९ हे कोड दिसतात. कोड दिसला म्हणून लगेच सेन्सर बदलणे चूक आहे. फिल्टरपुढची रबरी नळी चिरली असली तरी मॅफचे हे कोड येऊ शकतात. चावी चालू आणि इंजिन बंद असताना मॅपने बाहेरचाच दाब, दिल्लीत साधारण ९८ किलोपास्कल, दाखवायला हवा. तो बराच वेगळा असेल तर आधी सेन्सरचा प्लग व वायर तपासावी आणि मगच सेन्सरवर संशय घ्यावा.

दिल्लीची धूळ आणि जास्त तेल लावलेले कापडी फिल्टर मॅफचे शत्रू. मळलेली तार खास स्प्रेने स्वच्छ होते आणि अनेकदा तेवढेच पुरते. तारेला बोट किंवा कापूस लावू नये, कार्ब्युरेटर क्लीनरही नको.

बदलायचाच झाला तर दोन स्क्रू आणि एक प्लग, काम पंधरा मिनिटांचे. मजुरी काही शे रुपये. सामान्य मोटारींचा मॅफ काही हजारांत मिळतो, जर्मन गाड्यांचा बराच महाग. सुटा मॅप त्याहून स्वस्त; पण काही मोटारसायकलींत तो थ्रॉटल बॉडीच्याच संचात येतो आणि खर्च एकदम वाढतो. खोके हुबेहूब असलेला नकली मालही बाजारात असतो, म्हणून जुन्या सेन्सरवरचा पार्ट नंबर जुळवून, पक्के बिल घेऊनच खरेदी करावी.