स्पॅनिश क्रियारूपांतील आघाताचे स्थलांतर

स्पॅनिशमधील अपूर्ण भूतकाळाची रूपे लॅटिनमधून आली. परंतु त्यांतील आघात सर्वत्र लॅटिनच्या जागी राहिलेला नाही. हे स्थलांतर ध्वनिनियमाने घडले की रूपसादृश्याने, हा प्रश्न भाषेच्या इतिहासात मूलगामी आहे.

लॅटिनमध्ये उपान्त्य अक्षर गुरू असल्यास आघात त्यावर पडे. लघू असल्यास त्याच्या आधीच्या अक्षरावर. म्हणून ‘कान्-ता-बाम्’ (मी गात होतो) यात तो ‘ता’वर असे, तर ‘कान्-ता-बा-मुस्’ (आम्ही गात होतो) यात ‘बा’वर. सहा रूपांपैकी चारांत आघात ‘ता’वर आणि प्रथम व द्वितीय पुरुषांच्या अनेकवचनांत ‘बा’वर, अशी ही वाटणी होती. इटालियनने ‘कान्-ता-वा-मो’ या रूपात ‘वा’वरील आघात राखला. स्पॅनिशमध्ये मात्र ‘कान्-ता-बा-मोस’ या रूपातही तो ‘ता’वर आला व सहाही रूपे एकसारखी झाली.

आघात मागे सारणारा सर्वसामान्य ध्वनिनियम स्पॅनिशमध्ये दिसत नाही. लॅटिन ‘नेगो’ (मी नाकारतो) व ‘नेगामुस्’ यांतील आघात अनुक्रमे ‘ने’ व ‘गा’ यांवर होता. स्पॅनिश ‘न्येगो’ व ‘नेगामोस’ यांत तो तेथेच आहे. साघात ऱ्हस्व ‘ए’चा ‘ये’ झाला, निराघात ‘ए’ तसाच राहिला, ही त्याची साक्ष होय. तेव्हा अपूर्ण भूतकाळात बहुसंख्य रूपांनी उरलेल्या दोहोंना आपल्याकडे ओढले, असेच मानणे सयुक्तिक ठरते.

या स्थलांतराच्या काळाविषयीही एक गमक उपलब्ध आहे. ‘कान्-ता-देस’ (तुम्ही गाता) यात साघात ‘ता’च्या लगेच पुढील ‘द’ 15व्या शतकात लोप पावू लागला. तीन अक्षरांची दोन झाली: स्पेनमध्ये ‘कान्-ताइस’, तर अमेरिका खंडातील अनेक प्रदेशांत ‘व्होस’ या सर्वनामासह ‘कान्-तास’. याउलट ‘कान्-ता-बा-देस’ (तुम्ही गात होता) यातील ‘द’ 17व्या शतकापर्यंत टिकला. त्यानंतर ‘कान्-ता-बाइस’ हे रूप रूढ झाले. आघात ‘बा’वरच असता, तर हाही ‘द’ पहिल्या लाटेतच गेला असता. तो टिकला, याचा अर्थ 15व्या शतकापूर्वीच आघात ‘ता’वर स्थिरावला होता.

अशा रीतीने सादृश्याने आघात हलविला आणि हललेल्या आघाताने पुढे ध्वनिलोपाची गती ठरविली. क्रियारूपांच्या इतिहासात ही दोन कारणे परस्परांपासून तोडून पाहता येत नाहीत.