सुरा, मैरेय, मधु : पर्याय की भेद?

‘अभिज्ञानशाकुंतला’च्या सहाव्या अंकारंभी अंगठी सापडलेल्या धीवराची सुटका होते, त्याला राजाकडून बक्षीस मिळते आणि क्षणापूर्वी त्याच्या वधाची तयारी करणारे राजपुरुष एकाएकी त्याचे स्नेही बनतात. नगररक्षकांचा प्रमुख त्याला सुचवतो की, या नव्या मैत्रीला कादंबरीची साक्ष असावी. आणि सारी मंडळी शौंडिकाच्या दुकानाकडे वळते. प्रसंग विनोदी आहे व प्राकृतात आहे. अनुवादक येथे सामान्यतः ‘मद्य’, ‘मदिरा’ किंवा सरळ ‘दारू’ हा शब्द योजून पुढे जातो. मराठी अनुवादकाला तर तसे करणे भागच पडते, कारण ‘कादंबरी’ हा शब्द मराठीने आणि कानडीनेही एका वाङ्मयप्रकाराला कायमचा देऊन टाकला आहे. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव ग्रंथाला मिळाले, ग्रंथाचे नाव प्रकाराला मिळाले, आणि त्या नावामागे एक पेय होते हे आपण विसरून गेलो. बाणाच्या पुत्राला मात्र ते चांगले स्मरत होते. पित्याचा अपुरा ग्रंथ पुरा करताना त्याने या दोन अर्थांवर मोठ्या खुशीने श्लेष साधला आहे.

प्रश्न केवळ या एका शब्दाचा असता तर त्यासाठी लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. संस्कृत वाङ्मयात मद्यवाचक शब्द विपुल आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय होत, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत आपल्याला कोशांनी दिले. अमरसिंहाने शूद्रवर्गात सुरेची नावे एका ओळीने सांगितली : हाला, प्रसन्ना, कादंबरी, मदिरा, परिस्रुता, इरा इत्यादी. लगेच पुढे मैरेय, आसव आणि सीधु यांचीही एकत्र बोळवण केली. कोश पाठ करून काव्यरचना करणाऱ्या पुढच्या कवींना ही मोठीच सोय झाली. वृत्तात दोन अक्षरे कमी पडली तर हाला आणि तीन हवी असतील तर मदिरा! अर्थ तोच, असा समज दृढ झाला.

आता याच शब्दांकडे वैद्य कसा पाहतो ते पाहावे. ‘शार्ङ्गधरसंहिते’त एकाच सुरेच्या पात्रातील थर सांगितले आहेत. वरची निवळ म्हणजे प्रसन्ना, तिच्याखालची किंचित दाट ती कादंबरी, त्याखाली जगल, जगलाहून घट्ट तो मेदक, आणि सत्त्व निघून गेलेला चोथा तो बक्कस. अमराने ज्या दोन शब्दांना पर्याय मानले ते येथे एकाच घड्यातील दोन भिन्न पातळ्या आहेत. ज्याने तो घडा उघडून पाहिला, ढवळला, वरचे ओतून घेतले आणि खालचे चाखले, त्याचीच ही भाषा आहे. उलट विष्णुपुराणात बलराम कदंबवृक्षाच्या ढोलीतून स्रवणाऱ्या मदिरेवर लुब्ध होतो, तेथे कादंबरीची व्युत्पत्ती वृक्षाशी जोडली जाते. म्हणजे एकाच नावामागे एकीकडे पुराणकथा आहे आणि दुसरीकडे घड्यातला थर आहे. यांपैकी शाकुंतलातील नगररक्षकाच्या मनात काय असेल? माझ्या मते, हलक्या पात्राच्या तोंडी घातलेल्या भपकेबाज नावाची गंमत तेथे कवीला अभिप्रेत असावी. ‘चला, थोडी दारू घेऊ’ या भाषांतरात ती पार नाहीशी होते.

या भेदांचा सर्वांत काटेकोर हिशेब मात्र वैद्यापाशी नाही, कवीपाशी तर नाहीच; तो आहे करवसुली करणाऱ्या राज्यापाशी. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाचे प्रकरण साहित्याच्या अभ्यासकांनी क्वचितच बारकाईने वाचले असेल. शामशास्त्र्यांनी 1909 साली हा ग्रंथ प्रकाशात आणल्यापासून त्याची चर्चा राजनीतीच्या अंगानेच अधिक झाली. मुंबई विद्यापीठाने 1960 ते 1965 या काळात प्रसिद्ध केलेली र. पं. कंगले यांची तीन भागांतील आवृत्ती हाती असताना तरी हे प्रकरण दुर्लक्षित राहू नये.

कौटिल्य मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु अशी सहा पेये सांगतो व त्यांपैकी बहुतेकांची कृती देतो. मेदकासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. प्रसन्नेसाठी बारा आढक पीठ आणि पाच प्रस्थ किण्व, शिवाय सालीफळांचा मसाला. आकडे रुक्ष वाटतील, पण प्रमाण मांडून पाहिले म्हणजे ते बोलू लागतात. आढकाचे चार प्रस्थ धरले तर मेदकात किण्व तांदळाच्या दीडपट आहे, आणि प्रसन्नेत ते पिठाच्या दशांशाच्या आसपास आहे. ही दोन पेये चवीला, दाटपणाला आणि अमलाला सारखी असणे शक्यच नाही. किण्व म्हणजे आंबवण. तेही उडीद आणि तांदूळ यांचे बांधून ठेवलेले. आसवात कवठ, काकवी आणि मध. मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरी. एक आंबटगोड, दुसरे तिखट आणि कडसर. याशिवाय आंब्याच्या रसाची सहकारसुरा वेगळी. सुरा निवळ करण्यासाठी जो मसाला सांगितला आहे त्याचे माप तर मोठे मौजेचे आहे : नखे आत घेऊन मिटलेली एक मूठ. तेवढ्याने एक घडा राजाच्या पिण्याजोगा होतो. तराजू बाजूला ठेवून हाताने माप घेणाऱ्या कारागिराचा अनुभव राजाच्या ग्रंथात असा अनपेक्षितपणे शिरला आहे.

ती कारागिरी कोणाची, हेही कौटिल्य सांगून जातो. सुरेचे किण्व निवडण्याचे काम स्त्रियांनी व मुलांनी करावे, असा त्याचा दंडक आहे. पानागारात वेगवेगळ्या खोल्या, शय्या, आसने, गंध, माला आणि पाणी असावे, आणि हे सर्व ऋतूनुसार सुखद असावे, असेही तो लिहितो. त्याच वेळी कोण किती खर्च करतो यावर गुप्त हेरांची नजर हवी. सुखाची सोय आणि संशयाची व्यवस्था ही अशी एका छपराखाली नांदवणारा ग्रंथकार दुसरा आढळणे कठीण.

पण या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मधूच्या व्याख्येत आहे. येथे मधु म्हणजे मध नव्हे, द्राक्षाचा रस. इतर बहुतेक पेयांना कृती आहे, मधूला कृतीच दिलेली नाही. त्याचा देश हीच त्याची ओळख, असे कौटिल्य म्हणतो आणि कापिशायन व हारहूरक ही दोन नावे देतो. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेस, बेग्रामच्या परिसरातील नगर. ते नाव व्याकरणातही इतके प्रतिष्ठित होते की, त्यापासून ‘कापिशायन’ शब्द साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले, आणि काशिकाकारांनी उदाहरण दिले ते तेथल्या मधूचे व द्राक्षांचेच. ज्या भूमीत जे पिकते त्या भूमीचे नाव हीच त्या पेयाच्या गुणाची हमी, ही कल्पना युरोपीय द्राक्षमद्यांच्या संदर्भात आपल्याला आधुनिक वाटते. येथे ती राज्यशास्त्रात आणि व्याकरणात शेजारी शेजारी बसलेली दिसते.

कवी हे भेद पुसतात असे मी वर सुचवले, पण कालिदासाला त्यातून वगळले पाहिजे. रघूच्या दिग्विजयात सैन्य कलिंगात पोहोचते तेव्हा योद्धे नागवेलीच्या पानांत नारळाचे आसव पितात. तेच सैन्य पारसीकांच्या देशात येते तेव्हा द्राक्षांच्या मळ्यांत मृगाजिने पसरून मधूने श्रम घालवते. पूर्व समुद्राकाठी माड, वायव्येस द्राक्षवेल. सर्गातील भूगोल नद्यापर्वतांइतकाच पेयांनीही आखलेला आहे. दोन्हीकडे ‘मद्य’ असे भाषांतर करणारा अनुवादक नकळत नकाशावरील दोन ठिकाणे पुसून टाकतो.

चरकाविषयी थोडक्यात. धान्य, फळे, मुळे, गाभा, फुले, कांड, पाने, साली आणि साखर या नऊ योनींपासून होणारी चौऱ्यांशी आसवे त्याने मोजली आहेत. वर्गीकरण उगमावरून आहे आणि त्यात निंदा नाही. मनूनेही सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन भेद केले, पण ते तिन्ही सारखेच निषिद्ध ठरवण्यासाठी! पुढील काळावर प्रभाव पडला तो मनूच्या भेदांचा नव्हे, त्याच्या निषेधाचा.

सुरेविषयीचा गैरसमज तर परदेशी अनुवादांनीही वाढवला. वरुणसूक्तातील सुरेला ग्रिफिथ यांनी द्राक्षमद्याचा इंग्रजी शब्द दिला. वस्तुतः सौत्रामणी यज्ञातील सुरेसाठी अंकुरलेले तांदूळ, अंकुरलेले यव आणि लाह्या लागतात. मोड आणलेल्या धान्याचे हे पेय द्राक्षमद्यापेक्षा बिअरच्या कितीतरी जवळचे आहे. जेम्स मॅकह्यू यांनी 2021 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सुरेचे हे धान्यरूप साक्षेपाने उभे केले आहे. त्यासाठी दूर पाहण्याचीही गरज नाही. झारखंडातील हंडिया भातात रानूच्या वड्या मिसळून आंबवली जाते; अरुणाचलातील आणि आसामातील अपोंगही तांदळाचीच. किण्वबंध ज्याला कोशात सापडत नाही त्याला तो तेथल्या आठवडी बाजारात दिसेल.

‘दारू’ या शब्दाची गोष्ट निराळी. तो फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ औषध. मराठीत तो तीन दिशांना गेला : ‘दवादारू’त औषध राहिला, ‘दारूगोळ्या’त स्फोटक झाला आणि गुत्त्यात मद्य झाला. तो आपल्या कानाला भट्टीतून उतरलेल्या जळजळीत पेयाची आठवण देतो. ‘आईन-इ-अकबरी’त उसापासून अर्क काढण्याच्या रीती आहेत आणि दोनदा उतरवलेल्या अर्काला ‘दोआतशा’, म्हणजे दोनदा अग्नी दिलेला, असे नाव आहे. अशा पेयाला ‘दारू’ शोभते. मेदकाला किंवा मधूला तो शब्द लावणे म्हणजे ताकाला तूप म्हणण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकात अबकारीचा कायदा (1878) आणि मोहाच्या फुलांवरील निर्बंधाचा कायदा (1892) मुंबई इलाख्यात आले, आणि 1949 साली दारूबंदीचा कायदा झाला. राज्य पुन्हा मद्याकडे पाहू लागले, पण कौटिल्याची नजर त्याच्यापाशी नव्हती. त्याने देशी आणि विदेशी असे भेद केले, आणि कालांतराने ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ असा शब्दप्रयोग जन्माला आला, ज्याची व्युत्पत्ती लावताना पाणिनीही थबकला असता. सुधारकी वाङ्मयालाही पेयांत भेद पाहण्याचे कारण नव्हते. ‘एकच प्याला’त महत्त्व प्याल्याला आहे, त्यात काय आहे हे गौण. तरी गडकऱ्यांनी ‘आर्यमदिरामंडळ’ स्थापून जुन्या नावांच्या आडोशाने चालणाऱ्या पानाची जी खिल्ली उडवली आहे, ती संस्कृत पर्यायांच्या भपक्यावरही नेमकी बसते.

कायद्याच्या आणि नीतीच्या या एकशब्दी भाषेपासून कोकण व गोव्याची बोली बरीच दूर राहिली. तेथे ‘सूर’ म्हणजे माडाची ताजी आंबलेली माडी. धान्याची वैदिक सुरा किनाऱ्यावर येऊन माडावर चढली. गार्सिया द ओर्ता याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या संवादांत नारळाच्या प्रकरणी हा शब्द नोंदवला आहे आणि ती सुरा भट्टीत उतरवली असता प्रथम येणाऱ्या कडक भागाला ‘फुला’, म्हणजे फूल, म्हणतात असे सांगितले आहे. मागाहून येणारा तो ओर्राक. अरबी ‘अरक’ म्हणजे घाम. तो शब्द गोव्याच्या तोंडी ‘उर्राक’ झाला. पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून काजू आला, आणि ही सारी परिभाषा त्या परक्या फळावर सहज बसली : बोंडूचा रस पिळून झाल्यावर आपोआप निथळतो तो नीरो, पहिल्या उतारीचा सौम्य उर्राक, आणि पुन्हा उतरवलेली फेणी, जिचे नाव फेसावरून पडले. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. देश हीच ज्याची ओळख, अशा कापिशायनाच्या पंक्तीत ती बसली, असे म्हणता येईल. फेणी आणि उर्राक हे एकमेकांचे पर्याय आहेत असे गोव्यातील कोणाही भट्टीवाल्यापुढे म्हणून पाहावे. अमरकोशाचा हवाला तेथे चालणार नाही.