कॉलेजातली विद्या आणि ओटीवरच्या शाळा



आपल्या मंडळाच्या साक्षरतावर्गाला गेली काही वर्षे जवळच्या कॉलेजातल्या मुली शिकवावयास येतात, हे आपण पाहतोच. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातले की दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी लागते. त्यांतले काही तास त्या आपल्या सतरंजीवर बसून भरून काढतात. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. विद्यार्थ्यांनी वर्गाबाहेर पडून लोकांत जावे ही कल्पना तेव्हाचीच, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः आपल्या मुंबईत ती त्याच्या १२० वर्षे आधी प्रत्यक्षात उतरली होती, आणि ती मुलींसाठीच. ती हकीकत मला येथे सांगावयाची आहे.

१८४८ सालच्या जूनमध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील तरुणांनी प्रोफेसर पॅटन यांच्या अध्यक्षतेखाली एक सभा काढली. 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' असे तिचे लांबलचक नाव. निबंध वाचावे, त्यावर वाद करावा, एवढाच प्रारंभी तिचा व्याप. पण लवकरच तिला मराठी आणि गुजराती अशा दोन शाखा फुटल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष व्याकरणकार दादोबा पांडुरंग होते, आणि १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिकही निघू लागले. या शाखांचे महत्त्व मला फार वाटते. इंग्रजीत घोकलेला विषय घरच्या भाषेत समजावून सांगावयाचा म्हटले की तो आपल्याला किती कळला आहे याची खरी परीक्षा होते. पोळी कशी लाटावी हे दुसरीला शिकवताना आपलीही हीच गत होते, नाही का?

१८४९ साली गुजराती शाखेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. असे निबंध तेव्हाही पुष्कळ होत आणि टाळ्यांबरोबर विरून जात. हा मात्र विरला नाही. नुसते बोलून काय उपयोग, असा प्रश्न सभेतच निघाला आणि सभासदांनी स्वतः शिकवण्याचे पत्करले. त्याच वर्षी शाळा उघडल्या. पहिल्या पटावर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. शिक्षकांना वेतन नाही. सकाळी मुलींना शिकवावे आणि मग आपल्या कामाला जावे, असा क्रम.

या मंडळींत दादाभाई नवरोजी होते. ते तेव्हा चोविशीतले. आपल्या तरुणपणाच्या आठवणी त्यांनी पुढे लिहिल्या आहेत. पाच-सहा मित्रांसह ते घरोघर जात आणि 'तुमच्या ओटीवर बसून तुमच्या मुलीला लिहावाचावयास शिकवू द्या' अशी आर्जवे करीत. दोघा-तिघा बापांनी तर पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याचा दम भरला! एवढे सोसावयाचे कारण काय? दादाभाईंना शिक्षण फुकट मिळाले होते. एल्फिन्स्टनमधील प्राध्यापकांच्या जागांसाठी लोकांनी वर्गणी जमवली होती, तेव्हा आपली विद्या ही लोकांच्या पैशाची, ती लोकांना परत केली पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. हे ऋण त्यांनी सर्टिफिकेटासाठी फेडले नाही. सर्टिफिकेट देणारे तेव्हा कोणी नव्हतेच म्हणा.

आणखी एक गोष्ट आपण बायकांनी विशेष लक्षात घेण्याजोगी. दादाभाई चार वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. आई माणेकबाईंनी त्यांना वाढवले. त्या माऊलीला अक्षरओळख नव्हती. तरीही मुलींच्या शिक्षणाच्या कामात तिने आपल्याला मनापासून साहाय्य केले, असे दादाभाईंनी कृतज्ञतेने लिहून ठेवले आहे. शेजारपाजारचे बोलणे पुरुषांच्या आधी घरातल्या बाईला ऐकावे लागते. दादाभाई १८५५ मध्ये एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले, तो मान त्यांचा एकट्याचा नव्हे असे मला वाटते.

मराठी मुलींच्या बाबतीत जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, पाठीशी उभे राहिले. आपल्या गिरगावातल्या वाड्यात त्यांनी मुलींच्या शाळेला जागा दिली. सनातनी मंडळींनी पुष्कळ आरडाओरड केली, पण नानांच्या वाड्यातली शाळा हलवणे सोपे नव्हते. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ सालीच मुलींची शाळा काढली होती. परंतु तेथे मुलगी बाटेल ही धास्ती आईबापांना असे. नानांच्या दारात ती उरली नाही. पारशी शाळांना कामा कुटुंबाने द्रव्य दिले. डॉक्टर भाऊ दाजी पुढे या सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. विद्यार्थीदशेत त्यांनी जाडेजांच्या बालकन्याहत्येवर निबंध लिहून ६०० रुपयांचे बक्षीस मिळवले होते. ज्याने मुलींना मारण्याविरुद्ध लेखणी उचलली, तो मुलींना शिकवण्याच्या कामात पुढे येणार हे ओघानेच आले.

मात्र एक उणीव सांगितलीच पाहिजे. मुंबईतले हे शिक्षक सारे पुरुष. पुण्यात भिडेवाड्यात १८४८ सालीच सावित्रीबाई फुले मुलींना शिकवीत होत्या आणि शेणमाती झेलीत होत्या. जोतीरावांनी आधी आपल्या घरात शिकवले आणि मग शाळा काढली. मुंबईच्या सुशिक्षितांना हे सुचले असते तर बाई शिक्षिकांसाठी इतकी वाट पाहावी लागली नसती.

आपल्याकडे येणाऱ्या मुलींना तास मोजावे लागतात याबद्दल मी नाक मुरडणार नाही. तासांच्या निमित्ताने का होईना, त्या जिना चढून येतात. त्यांतल्या एकीने मागच्या पावसाळ्यात, तास पुरे झाल्यावरही, आपल्या भाजीवाल्या बाईंना वजनकाट्यावरचे आकडे आणि बँकेची स्लिप शिकवली. अर्थशास्त्राचे पुस्तक घेऊन आली होती. ते तिने त्या दिवशी पिशवीतून काढलेच नाही.

इतिहासात शिकवणाऱ्यांची नावे राहतात, शिकणाऱ्यांची सहसा राहत नाहीत. म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली आहे: वर्गाच्या नव्या हजेरीवहीत स्वयंसेविकांच्या सह्या मागच्या पानावर घ्याव्या, आणि पहिल्या पानावर शिकावयास येणाऱ्या बायकांची नावे, त्यांच्याच हाताने लिहिलेली, असावी.