विषाणुसंसर्गातील क्वांटम परिणाम

पेशीला विषाणूची लागण होताना इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या क्वांटम वर्तनाचा वाटा किती, याचा क्वांटम जीवशास्त्रात होणारा अभ्यास. क्षेत्र नवे, त्यात सिद्धांत पुष्कळ, प्रयोग थोडे.

प्रवेश : सार्स-कोव्ह-२ या विषाणूचा कण सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याचे स्पाइक प्रथिन पेशीवरील एसीई-२ या ग्राहीला चिकटते, टीएमपीआरएसएस-२ हे विकर स्पाइकला छेद देते आणि मग स्पाइक उलगडून विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळते. रूढ विवेचन एवढ्यावर थांबते : किल्ली बसली की कुलूप उघडले.

किल्ली बसल्यावर कुलूप कशाने फिरते, हा खरा कुतूहलाचा प्रश्न. बेटनी ॲडम्स, फ्रान्चेस्को पेत्रुचोने व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये असे सुचवले, की स्पाइकच्या कंपनांच्या साहाय्याने एसीई-२ मधील इलेक्ट्रॉन टनेलिंग करून, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता आरपार जाऊन, एका जागेवरून दुसरीकडे पोचत असावा. दोन जागांच्या ऊर्जेत तफावत असते. ती नेमक्या वारंवारतेच्या कंपनाने उचलली, तरच इलेक्ट्रॉन पलीकडे पोचतो. मांडणी सैद्धांतिक आहे. तिचे मूळ गंधज्ञानात सापडते : माल्कम डायसन यांनी १९३८ मध्ये वासाचा संबंध रेणूच्या कंपनांशी लावला, तर लुका ट्यूरिन यांनी १९९६ मध्ये त्याला टनेलिंगची जोड दिली.

शरीराच्या उष्णतेत इतका नाजूक परिणाम टिकेल कसा, ही नेहमीची हरकत. ३७ अंश सेल्सिअसला उष्णतेची ऊर्जा सुमारे ०.०२७ इलेक्ट्रॉनव्होल्ट भरते. प्रथिनांच्या पेप्टाइड बंधातील कार्बन-ऑक्सिजन कंपनाची ऊर्जा ०.२ च्या आसपास, म्हणजे सातपटीहून अधिक असते. ते उष्णतेच्या गोंगाटात बुडत नाही. हरकतीला हे उत्तर वजनदार आहे, पुरेसे नाही.

कसोटी समस्थानिकांची. हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घातले, की रेणूचा आकार जवळजवळ तोच राहतो, कंपन बदलते. कस्तुरीगंध ओळखणाऱ्या मानवी ग्राहीवर २०१५ मध्ये अशी चाचणी झाली. ग्राहीच्या प्रतिसादात फरक दिसला नाही.

उत्परिवर्तन : डीएनएमधील बेसजोडीत प्रोटॉन टनेलिंगने जागा बदलून चूक घडवू शकतो, असे पेर-ओलोव्ह ल्योव्दिन यांनी १९६३ मध्ये मांडले. मोल्नुपिराव्हिर हे औषध प्रोटॉनच्या अशाच जागाबदलावर चालते. त्याचा बेस कधी सायटोसीनसारखा, कधी युरॅसिलसारखा वाचला जातो आणि विषाणूच्या आरएनएत चुका साचत जातात.

अतिनील प्रकाश : २५४ नॅनोमीटरचा फोटॉन शोषल्यावर शेजारचे पिरिमिडीन बेस एकमेकांना जोडले जातात व विषाणू निष्प्रभ होतो.