व्हॉइस अँड यू (प्रश्नावली)

व्हॉइस अँड यू ही चिकित्सा मानसशास्त्रातील एक प्रश्नावली आहे. इतरांना ऐकू न येणारे आवाज ज्या व्यक्तींना ऐकू येतात, त्यांचे त्या आवाजांशी असलेले नाते मोजण्यासाठी ती वापरतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क हेवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००८ मध्ये प्रसिद्ध केली.

पार्श्वभूमी

असे आवाज छिन्नमनस्कतेत वारंवार आढळतात. तथापि कोणताही मानसिक आजार नसलेल्या काही व्यक्तींनाही ते ऐकू येतात. आवाज किती वेळा, किती काळ व किती मोठ्याने येतो, हे नोंदवणाऱ्या मापनश्रेणी पूर्वीपासून होत्या. मात्र अशाच आवाजांनी एखादी व्यक्ती हवालदिल होते, तर दुसरीला त्यांचा आधार वाटतो, याचा उलगडा तेवढ्याने होत नव्हता. पॉल चॅडविक व मॅक्स बर्चवुड यांनी १९९४ मध्ये आवाजाचे सामर्थ्य आणि हेतू यांविषयीच्या समजुतींकडे लक्ष वेधले. या समजुती मोजणारी त्यांची प्रश्नावली १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या २००० च्या सुधारित आवृत्तीत ३५ विधाने आहेत. हेवर्ड यांनी समजुतींऐवजी परस्परसंबंधावर भर दिला. त्यासाठी त्यांनी जॉन बर्टचनेल यांच्या सिद्धान्ताचा आधार घेतला. या सिद्धान्तानुसार माणसांमधील संबंध सत्ता आणि जवळीक या दोन अक्षांवर मांडता येतात.

रचना

प्रश्नावलीत २८ विधाने असून प्रत्येकास ० ते ३ गुण दिले जातात. अनेक आवाज ऐकू येत असल्यास सर्वांत प्रभावी आवाज डोळ्यांसमोर ठेवून उत्तरे द्यायची असतात. विधानांचे चार गट आहेत :

* आवाजाचे वर्चस्व
* आवाजाची घुसखोरी
* ऐकणाऱ्याचे अवलंबित्व
* ऐकणाऱ्याचा दुरावा

पहिले दोन गट आवाज व्यक्तीशी कसा वागतो असे तिला वाटते, हे दाखवतात. उरलेले दोन गट व्यक्ती आवाजाशी कशी वागते, हे दाखवतात.

महत्त्व

आवाज बंद झाला नाही, तरी त्याच्याशी असलेले नाते बदलून मनस्ताप कमी करता येईल, या विचाराला अशा मापनामुळे तपासणीची जोड मिळाली. आवाजापुढे दबून न जाता वा त्याच्यावर न संतापता ठामपणे बोलण्याचा सराव देणारी उपचारपद्धती याच विचारावर उभी आहे.

मर्यादा

प्रश्नावलीचा रोख मुख्यतः नात्यातील त्रासदायक बाजूंवर आहे. त्यामुळे आधार देणाऱ्या आवाजांशी असलेले नाते तीत पुरेसे उमटत नाही. तसेच तिच्यातून व्यक्तीला जाणवणारे नाते समजते. त्यावरून आजाराचे निदान करता येत नाही.